विसावी बाई

आमच्या काजूच्या कारखान्यात कितीतरी वर्षं एकोणीस माणसं होती. एखादी बाई बाळंतपणाला गेली की अठरा, तिची जाऊ कामाला आली की पुन्हा एकोणीस. आसपासच्या कारखानदारांना मी एकदा सहज विचारलं, तुमच्याकडे किती माणसं? तेही एकोणीस म्हणाले. एक जण सतरा म्हणाला, पण त्याचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. एकोणीस हा आमच्या धंद्यातला शुभ आकडा आहे हे मला लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळलं. तो शुभ का, हे कळायला आणखी बरीच वर्षं गेली.

कारखाना म्हणजे वेंगुर्ल्याहून मठकडे जाणाऱ्या रस्त्याला, घराच्याच आवारात घातलेली लांब पत्र्याची शेड. एका टोकाला बॉयलर, मध्ये बी फोडायची हातापायांनी चालवायची यंत्रं, पलीकडे गर सुकवायचा बोर्मा आणि शेवटी सोलणीची टेबलं. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर निघतो आणि त्या एका किलोत आमचं सगळं घर बसतं. नवरा बी खरेदी करतो, मशिनं बघतो, व्यापाऱ्यांशी भांडतो. हिशेब माझ्याकडे. मी बी.कॉम. आहे, म्हणून 'तुका येताच मां ता' एवढ्या एका वाक्यावर सासऱ्यांनी पगाराची वही माझ्या हातात दिली होती.

ती वही बघण्यासारखी होती. डाव्या पानावर नाव, उजव्या पानावर किती किलो फोडलं, किती सोललं आणि किती उचल घेतली. गणपतीच्या आधीच्या महिन्यात उचलीचा रकाना भरून समासात वाहायचा. कर, निधी, वर्गणी असला एकही शब्द त्या वहीत नव्हता. शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट मात्र भिंतीवर लावलेलं होतं, आणि आमचा सरकारशी संबंध तिथे सुरू होऊन तिथेच संपतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मे 2023 मध्ये नवऱ्याच्या नावाने विक्रीकरवाल्यांकडून (जीएसटी आला तरी आमच्याकडे ते विक्रीकरवालेच) एक पत्र आलं. जीएसटीचा नंबर आहे, पण व्यवसाय कराची नोंदणी दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ. सासऱ्यांनी पत्र न वाचताच सांगितलं, "आमका ता लागणा नाय." आणि गंमत म्हणजे त्यांच्यापुरतं ते खरं होतं. वयाची 65 वर्षं पूर्ण झालेल्यांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे, आणि त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत धंदा त्यांच्याच नावावर होता. 2018 साली तो नवऱ्याच्या नावावर झाला. नाव बदललं, जीएसटीचा नंबर बदलला, पण 'आमका लागणा नाय' हे वाक्य तेवढं वारशाने तसंच पुढे आलं.

कुडाळच्या आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, उलट हसले. म्हणाले, वहिनी, एक नाही, दोन नंबर लागतील. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की व्यवसाय कर दोन तोंडांचा असतो. एक मालकाने स्वतःचा भरायचा, वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनच्या आत. त्याला पीटीईसी म्हणतात आणि त्याचा नंबर 99 ने सुरू होतो. दुसरा नोकरांच्या पगारातून कापून सरकारला पोचवायचा. तो पीटीआरसी, नंबर 27 ने सुरू होणारा. पहिल्यात आपण करदाते, दुसऱ्यात आपण सरकारचे बिनपगारी वसुली कारकून. सीए असं म्हणाले नाहीत, हे माझं भाषांतर.

मालकाच्या कराची मागची चार वर्षं आणि त्यावरचं व्याज भरलं. ते दुखलं, पण एकदाच दुखलं. माणसांच्या कराचा हिशेब मात्र मी चार रात्री बसून केला, कारण आमच्याकडे पगार ठरलेला नाही. फोडणी आणि सोलणी दोन्ही किलोवर. पुरुषांना महिना 7,500 पर्यंत काही नाही, 7,501 ते 10,000 असेल तर 175 आणि त्यावर 200. बायकांना मार्च 2023 पर्यंत 10,000 च्या आत माफी होती. आता एखाद्या बाईला ऑगस्टात 9,700 मिळालेत, कारण गणपतीची साफसफाई होती, आणि ऑक्टोबरात 10,300, कारण बी सुकी होती आणि हात चालला. म्हणजे ऑगस्टात ती करातून मुक्त आणि ऑक्टोबरात करपात्र! वहीतली जुनी पानं उलटून मी प्रत्येक बाईचा प्रत्येक महिना तपासला. मागचा कर त्यांच्या आताच्या पगारातून कापणं मला शोभलं नसतं. चूक आमची, तर पैसे आमचे. नवरा एक दिवस बोलला नाही माझ्याशी, मग बोलायला लागला.

1 एप्रिल 2023 पासून मात्र बायकांची मर्यादा 25,000 झाली आणि माझं काम एकदम हलकं झालं. आमच्या एकोणीसमधल्या चौदा बायका. काजूच्या धंद्यात बायकाच जास्त, कारण अखंड गर सोलायला लागणारी बोटं आणि तेवढा धीर पुरुषांकडे नसतो, हे नवराही मान्य करतो. चौदाच्या चौदा यादीत शून्यापुढे जाऊन बसल्या. राहिले पाच पुरुष: बॉयलरवाला, ड्रायव्हर, ग्रेडिंगवाला आणि पोती उचलणारे दोघे. पाच दुणे दहा, महिन्याला हजार रुपये.

हजार रुपये भरायला किती वेळ लागावा? नव्याने नोंदणी झालेल्याला पहिल्या वर्षी दर महिन्याला विवरणपत्र भरावं लागतं. कर वर्षाला एक लाखाच्या आत असला, तर पुढच्या वर्षापासून वर्षातून एकदाच. विवरणपत्राचा फॉर्म एक्सेलमध्ये असतो, त्यातले मॅक्रो चालू करावे लागतात, आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरला मॅक्रो म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं! त्यात पावसाळा. आमच्याकडे जून-जुलैत लाईट येते ती फक्त पुन्हा जायला. एका महिन्यात मी चलन वेळेवर भरलं आणि मोठ्या समाधानाने झोपले. पैसे भरणं आणि विवरणपत्र पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा उमजलं नव्हतं. हजार रुपयांचा कर वेळेवर भरला होता. त्याचा कागद उशिरा गेला म्हणून हजार रुपये दंड झाला. त्यानंतर मी शेडमधल्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या अखेरीला लाल गोल करायला सुरुवात केली. बायका विचारायच्या, "वयनी, खयचो सण?"

मजा आली ती फेब्रुवारीत. फेब्रुवारीच्या पगारातून 200 ऐवजी 300 कापायचे असतात. बॉयलरवाला मामा पगाराचं पाकीट उघडून सरळ माझ्या टेबलाशी आला. "वयनी, अठ्ठावीस दिसांच्या म्हयन्याक शंभर जास्ती कित्याक?" मागून कोणीतरी म्हणालं, यंदा एकोणतीस आसत रे. 2024 लीप वर्ष होतं. मी त्याला पाटीवर गणित मांडून दाखवलं. अकरा महिने 200 म्हणजे 2,200, त्यात 300 घातले की 2,500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातली आहे. आधी ती 250 होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली. बारा महिन्यांत सारखे वाटले तर 208 रुपये 33 पैसे होतात, म्हणून हा सोयीचा हिशेब. मामाने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे घटनेत माझे पैशे लिवलेले आसत?" म्हटलं, तसंच काहीसं. तो खूश होऊन गेला.

सासऱ्यांचं मात्र समाधान होत नव्हतं. रोज संध्याकाळी पडवीत बसून ते या कराला शिव्या घालत. हा कर कशासाठी, कोणाच्या घशात, वगैरे. मग मी त्यांना जे वाचलं होतं ते सांगितलं. हा कर महाराष्ट्राने 1975 साली आणला तो रोजगार हमीसाठी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली, वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेची योजना झाली, आणि शहरातल्या पगारदारांनी गावातल्या बिनकामाच्या माणसाला काम द्यायचं, असा तो हिशेब होता. 1977 साली त्याचा कायदाही झाला. सासरे गप्प झाले. कारण आमच्या वरकस जमिनीवर आज जी काजूची कलमं उभी आहेत, ती नव्वदच्या दशकातल्या रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतली. खड्डे खणायची मजुरीसुद्धा सरकारने दिली होती. ते खड्डे सासऱ्यांनी स्वतः मोजून घेतले होते, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून वेंगुर्ला-4 ची कलमं आणली होती. थोडा वेळ पानाचा डबा उघडझाक करून म्हणाले, "मगे ती कलमां मुंबैकरांच्या पैशातली म्हणाची." त्यानंतर त्यांनी कराला शिव्या घालणं बंद केलं आणि मॅक्रोला घालायला सुरुवात केली. त्यात मी त्यांच्या बाजूने होते.

कामगार कल्याण निधीचं थोडक्यात सांगते, कारण तो निधीही थोडकाच आहे. पाच किंवा जास्त माणसं असली की लागतो. म्हणजे आम्हाला तो पहिल्या दिवसापासून लागत होता आणि आम्ही त्याचं नावही ऐकलं नव्हतं. कायदा 1953 चा आहे. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या यादीवर, आणि पैसे भरायचे 15 जुलै आणि 15 जानेवारीच्या आत. डिसेंबर 2023 मध्ये आमच्याकडे माणशी कामगाराचे 12 आणि मालकाचे 36 होते. जून 2024 ला ते 25 आणि 75 झाले. एकोणीस माणसांचे एकोणीसशे रुपये. या 25 रुपयांवर एकाही बाईने प्रश्न विचारला नाही, आणि मला तेच जास्त लागलं. 25 रुपये त्यांच्या हिशेबात नसतात असं नाही. वयनीने कापले म्हणजे काहीतरी कारण असेल, असा तो विश्वास होता. हा निधी ज्या कामगार कल्याण मंडळाकडे जातो, त्याच्या शिष्यवृत्त्या कामगारांच्या मुलांसाठी असतात हे मी मुद्दाम सगळ्यांना सांगितलं, तेव्हा कुठे एकीने विचारलं, बारावीतल्या पोरीला मिळतील का.

आणि मग ऑगस्ट 2024 मध्ये, लावणी आटोपून भात पोपटी झालं होतं तेव्हा, विसावी बाई आली.

नवरा मुंबईत वारला, पोरं लहान, माहेरी परत आलेली. बोटं बघितली तर सोलणीची नव्हती, पण शिकेन म्हणाली. सप्टेंबरच्या सातला गणपती होते आणि दिवाळीचा माल मार्गी लावायचा होता. मला माणूस हवंच होतं. मी हजेरीच्या वहीत विसावी ओळ आखली आणि नवऱ्याने पेनच काढून घेतलं. "एकोणीस," तो म्हणाला. नुसता आकडा. जणू कोणीतरी अपशकुनी शब्द काढला होता.

वीस माणसं झाली की प्रॉव्हिडंट फंड लागतो. विजेवर चालणारा कारखाना असेल तर महाराष्ट्रात तेव्हा वीस माणसांना फॅक्टरी ॲक्टही लागायचा, कारण राज्याने आपली मर्यादा दहावरून वीसवर नेली होती. ती बाई शेडच्या दारात उभी होती आणि तिच्या पाठोपाठ दोन कायदे उभे होते. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं.

आम्ही एका कन्सल्टंटकडे गेलो. माणूस हुशार. त्याने तीन वाटा दाखवल्या आणि तिन्ही विसाव्या माणसाला नाहीसं करण्याच्या होत्या. पहिली, जी बाई शेड झाडते आणि चहा करते तिला घरची मोलकरीण दाखवा. पण ती पोती धुते, टरफलं बाहेर काढते. घरात तर ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीसुद्धा येत नाही, कारण तिथे सासूबाई बसलेल्या असतात. दुसरी, माझ्या नावाने वेगळी फर्म काढा, दहा तिकडे, दहा इकडे. तोच बोर्मा, तोच बॉयलर, तोच हिशेब, फक्त बोर्ड दोन. एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा एकच धरायच्या असं पीएफच्या कायद्यातच लिहिलंय, ते मी वाचलं होतं. तिसरी वाट मात्र मला थोडी मोहात पाडणारी होती: सोलणी घरोघरी द्या. आमच्या भागात तशी पद्धत आहेच. बायका शेडमध्ये येणार नाहीत, तर मोजणार कोण?

ती रात्र मी झोपले नाही. घरी सोलणी दिली की बाईला बरं, चूल सांभाळून काम होतं, पोर समोर असतं. मालकालाही बरं. सगळ्यांना बरं असलं की मला भीती वाटते. शोधत बसले, तेव्हा विडीवाल्यांचा खटला सापडला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका कारखान्याच्याच कामगार आहेत, त्यांनाही फंड लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकातच सांगून टाकलं आहे. काम कुठे बसून केलं हे नाही, कोणासाठी केलं आणि नापास माल कोण परत करतो हे बघतात. तुकडा पडलेला गर कोण परत करतं? मीच.

सकाळी विसावी ओळ मी पेनने भरली. नवरा बघत होता. काही बोलला नाही, बॉयलरकडे गेला.

फॅक्टरी लायसन्सचं लांबण लावत नाही. नकाशे, दरवाज्यांची रुंदी, बॉयलरवाल्याच्या परवान्याची तारीख, ओरोसच्या फेऱ्या. कंटाळवाणं होतं, पण झालं. एक मात्र चांगलं झालं. फोडणीच्या जागेला दुसरा दरवाजा पडला आणि मेच्या उकाड्यात बायका मला दुवा द्यायला लागल्या.

फंडाची गोष्ट वेगळी. ती कागदावर अर्ध्या तासात झाली. श्रम सुविधा पोर्टलवर अर्ज, डिजिटल सही, कोड नंबर. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला सुरू झाली, जेव्हा मी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता पगारातून 12 टक्के कापले जाणार. महिन्याला 12,000 मिळवणाऱ्या बाईचे 1,440.

आमच्याकडे पीएफ कोणी म्हणत नाही. फंड म्हणतात. आणि फंड हा शब्द इथे प्रत्येक घरात आधीपासून आहे, कारण प्रत्येक घरातला कोणीतरी गिरणीत होता. सोलणीतली सगळ्यात जुनी बाई उभी राहिली. "माझ्या सासऱ्याच्या फंडातसून घरार नळे चढले. कापा तुमी." लगेच दुसरी: "माझ्या घोवाचो फंड अजून येताच आसा. ब्याऐंशीच्या संपापासून." सगळ्या हसल्या, पण ती हसत नव्हती. तिसरी म्हणाली, "पैशे कापतलात, मगे आमी खावचा काय? साठीक कोण पोचतला?" अर्धा तास शेडमध्ये गिरणगावच बसलं होतं. कोणाचा फंड गावच्या घरात गेला, कोणाचा पोरीच्या लग्नात, कोणाचा सावकाराच्या घशात. मी बी.कॉम. आहे, पण त्या अर्ध्या तासात फंडाबद्दल मला जेवढं कळलं तेवढं पुस्तकात नव्हतं.

मी सांगितलं की जेवढे तुमचे कापले जातील तेवढेच आम्ही घालणार. तर एकीने विचारलं, तो आमचाच पगार कमी करून घालणार ना? हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. काही ठिकाणी दोन्ही बाजू कामगाराच्याच अंगावर टाकतात हे तिच्या बहिणीने सांगितलं होतं. तसं करता येत नाही, फंडाच्या नावाखाली मजुरीचा दर कमी करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण मी कायदा सांगितला नाही. किलोचा दर थोडा वाढवून त्यांच्या कपातीतला काही भाग तरी भरून काढायचा, असं नवऱ्याने त्याच वेळी जाहीर केलं. मला न विचारता. मला ते आवडलं आणि घाबरवणारंही वाटलं, कारण महिन्याचा अडीच लाखांचा पगार, त्यावर मालकाचे 12 टक्के, विमा आणि प्रशासनाचा अर्धा अर्धा टक्का धरून साडेबत्तीस हजार हे मी आधीच मांडून ठेवलं होतं. दराची वाढ त्यात नव्हती.

पेन्शनबद्दल मी खोटं बोलले नाही. मालकाच्या 1,440 तले 1,000 पेन्शनच्या खात्यात जातात, 440 फंडात. पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शनचं वय 58. पन्नाशी ओलांडलेल्या चार बायकांना दहा वर्षं कशी भरणार? त्यांना शेवटी एकरकमी काय ते मिळेल. फंड लावायला आम्ही उशीर केला त्याची किंमत या चौघींनी मोजली आहे, हे मला हिशेब करताना स्पष्ट दिसलं. एकोणीसच्या आकड्यावर आम्ही जी वर्षं काढली, ती त्यांचीच वर्षं होती.

मग नावांचा गोंधळ. प्रत्येकीचा बारा आकडी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा फंडाचा नंबर, काढायचा तर आधार, बँक आणि आमची वही एकसारखी पाहिजे. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, वहीत 'तळवड्याची मोठी'. पंधरा बायकांपैकी नऊ जणींचं काही ना काही जुळेना. पाच जणींची जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत मास्तरांनी सगळ्यांना तीच दिली होती. एकीचं आधारवर नाव बरोबर, पण नवऱ्याच्या नावाच्या जागी वडील. ती म्हणाली, बापूसच बरो होतो. सेतू केंद्रात मी त्या महिन्यात इतक्या वेळा गेले की तिथला मुलगा मला बघून आपणच खुर्ची सरकवायचा. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपी येतो, आणि तो बहुतेक वेळा मुंबईतल्या मुलाच्या फोनवर जायचा. मग शेडमधून फोन: "बाबू, आताच काय मेसेज इलो? आकडे सांग, बेगीन." तो लोकलमध्ये लटकलेला, इथे आम्ही पंधरा जणी श्वास धरून.

दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत एक फाईल चढवायची असते. साधी मजकुराची फाईल, प्रत्येक आकड्यामध्ये एक विचित्र चिन्ह: हॅश, टिल्ड, हॅश. नवऱ्याला मी ते दाखवलं तर तो म्हणाला, ही तर काजू सोलायची टोकं दिसतात. कॅलेंडरवर पुन्हा दर महिन्याला एक गोल, आता 15 तारखेवर.

डिसेंबरात विसावी बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. नजर खाली. मोठी बहीण म्हापशाला असते, तिथे एका हॉटेलात लागतेय म्हणाली, पगार जास्त, पोरांना शाळा जवळ. मला वाईट वाटलं, कारण तिचा हात नुकताच बसला होता. अखंड गर काढायला लागली होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गेली आणि आम्ही पुन्हा एकोणीस झालो.

त्या संध्याकाळी नवऱ्याने वही उघडून ओळी मोजल्या. मी त्याला म्हटलं, एकदा लागू झालेला फंड माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. तो म्हणाला, "माका म्हायत आसा. सीएक इचारलंय मी." मग थोड्या वेळाने: "मगे आणि दोन बायो घेवया. आता कित्याक भियाचा?"

मार्चमध्ये बीचा हंगाम सुरू झाला तेव्हा दुपारी फोन आला. म्हापशाहून. हॉटेलात फंडाचा जुना नंबर विचारताहेत, तिथले म्हणतात नवीन काढायचा नाही. मी कपाटातली फाईल काढली. सावकाश बारा आकडे वाचले. मागे भांड्यांचा आवाज, ती पोराला पेन आणायला सांगत होती. पोराने सहापर्यंत लिहिलं आणि पुढे अडलं.

"वयनी, परत सांगा," ती म्हणाली. "एक-एक करून."